पुढचा दुवा आधी

सोमनाथपूरच्या केशवमंदिराच्या जोत्यावरून हत्तींची जी रांग मंदिराला वळसा घालून जाते, तिच्याकडे बोट दाखवून माझी भाची म्हणाली, “मामा, हा ॲरे,” आणि त्या तीन शब्दांतून जो वाद उपस्थित झाला तो मंदिराच्या आवारात मिटला नाही, मोटारीत मिटला नाही, आणि म्हैसूरच्या वाटेवर बन्नूर गावी चहासाठी उतरलो तेव्हाच कोठे त्याला खरा रंग चढला.

आम्हां उभयतांची ओळख आधी करून देतो. ती अकरा वर्षांपूर्वी अभियांत्रिकीची पदवी घेऊन, महाराष्ट्रातल्या तिच्यासारख्याच पुष्कळ मुलामुलींबरोबर, म्हैसूरच्या इन्फोसिसच्या प्रशिक्षण केंद्रात आली. पुढे नोकरी बदलली, पण गाव बदलले नाही, आणि आता तिचे कानडी इतके सफाईदार झाले आहे की मंडईत घासाघीस करताना तिला कोणी परगावची समजत नाही. मी जमिनीच्या दफ्तरात जन्म काढलेला कारकून. रुमाल, बाडे, नोंदवह्या आणि नकला यांच्यापलीकडे माझे जग फारसे गेले नाही. निवृत्तीनंतर मोडी वाचनाचा नाद लागला, आणि गेल्या वर्षी भाचीच्याच आग्रहावरून कर्निघन आणि रिची यांचे, १९७८ साली प्रथम निघालेले, सी या संगणकभाषेचे पुस्तक हाती घेतले. त्या पुस्तकात, स्वतःच्याच जातीच्या दुसऱ्या वस्तूचा पत्ता पोटात बाळगणाऱ्या रचनांचे वर्णन मी वाचले, आणि ज्या कामात माझी सारी हयात गेली त्याचेच शुद्ध, निष्कलंक रूप समोर उभे आहे असे मला वाटले. म्हैसूरला आलो तो ही लिंक्ड लिस्ट वहीत उतरवून घेऊन. आणि जी विद्या मला अपूर्व वाटली ती माझ्या भाचीच्या लेखी जवळजवळ मोडीत निघालेली आहे, हे मला त्या हत्तींसमोर कळले.

“हे हत्ती तेराव्या शतकात एकाला एक भिडवून खोदले,” ती म्हणाली. “प्रत्येकाची रुंदी सारखी धरली, तर शंभरावा हत्ती कोठे आहे हे मी येथून पाऊलही न उचलता सांगू शकते : पहिल्याच्या जागेपासून नव्याण्णव रुंद्या पुढे. मेमरीत आकडे असे ओळीने लावले, की पाचवा काय नि पाच लाखावा काय, एका गुणाकारात आणि एका बेरजेत सापडतो.”

“आणि पाचव्या नि सहाव्याच्या मध्ये एक हत्ती घालायचा झाला तर?”

“तर सहाव्यापासून पुढच्या सगळ्यांना एकेक घर सरकावे लागेल.”

“दगडाचे हत्ती सरकत नाहीत.”

“यंत्रातले सरकतात, मामा. तुम्हांला वाटते त्याच्या कितीतरी पट झपाट्याने सरकतात.”

मोटारीत मी माझी बाजू मांडली. बांधीव नोंदवही आणि सुट्या पानांचे बाड यांतला भेद ज्याने दफ्तरात भोगला आहे, त्याला या विषयाची गोडी शिकवावी लागत नाही, असे मी तिला म्हणालो. बांधीव वहीत एखादी नोंद मध्ये घालण्याची पाळी आली की ‘४२ अ’, ‘४२ ब’ अशी पाने चिकटवण्याचा जो केविलवाणा उपाय आम्ही करीत असू, तो वस्तुतः ॲरेवर केलेला जुलूम असे; वहीची शिवण ताणली जाई, आणि ‘४२ अ’च्याही पोटात आणखी एक पान घालण्याचा हुकूम आला की अक्षरे संपत. याउलट ज्या बाडात प्रत्येक पानाच्या तळाशी ‘पुढे पान अमुक पाहा’ असे लिहिलेले असते, तेथे पाने रुमालात कोणत्याही क्रमाने पडलेली असोत, वाचणारा एका पानावरून दुसऱ्यावर बोट धरून चालत राहतो, आणि नवे पान घालायचे तर हजार पानांतल्या एकालाही जागचे हलवावे लागत नाही. फक्त दोन ठिकाणचे पत्ते लिहायचे, एक नव्या पानावर आणि एक त्याच्या आधीच्या पानावर. मासिकांतून ‘मागील पानावरून पुढे चालू’ हे शब्द लहानपणापासून वाचत आलेल्या मराठी माणसाला लिंक्ड लिस्ट परकी वाटण्याचे कारण नाही.

“आणि मोडी कागदांचे काय म्हणशील?” मी पुढे म्हणालो. “पत्र लांबले की कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवीत. मध्येच कोणी लबाडीने एखादा बंद घुसवू नये म्हणून जोडांवर मागल्या अंगाने शिक्के उठवीत. वर आरंभी ‘श्री’ आणि शेवटी मोर्तब. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा असते, म्हणजे मजकुराची हद्द येथे झाली, याखाली जे कोणी लिहील ते आमचे नव्हे. तुमच्या लिस्टच्या शेवटच्या पानात, म्हणजे नोडमध्ये, जो शून्य पत्ता ठेवता, तो दुसरे काय सांगतो?”

हे तिला आवडले. तिने ते दोनदा म्हणून पाहिले. परंतु आवडलेली गोष्ट लगेच मान्य करण्याचा आमच्या घराण्यात प्रघात नाही.

“मुद्रा उठवलेली असते हे खरे,” ती म्हणाली, “पण वाचणाऱ्याने ती पाहिली पाहिजे ना? टोनी होअर यांनी १९६५ मध्ये हा शून्य पत्ता संगणकाच्या एका भाषेत आणला, आणि २००९ मध्ये त्यांनीच जाहीरपणे त्याला आपली अब्ज डॉलरांची चूक म्हटले, कारण हद्द संपली आहे हे न बघता पुढे पाय टाकणाऱ्या आज्ञावल्यांनी आजवर किती यंत्रे बंद पाडली याची गणती नाही. आणि तुमच्या ‘श्री’ची गंमत तुम्हांला कळली आहे का?”

मला कळली नव्हती, आणि येथे ती मला शिकवू लागली. साध्या लिस्टमध्ये पहिल्या नोडच्याही आधी एखादा नोड घालायचा असेल तर अडचण पडते, कारण त्याच्या आधी कोणीच नसते. म्हणून ‘आधीचे पान असेल तर असे करा, नसेल तर तसे करा’ असा दुहेरी कायदा लिहावा लागतो, आणि जेथे दुहेरी कायदा आला तेथे चूकही पाठोपाठ येते. ही अडचण टाळण्यासाठी जाणते लोक आरंभी एक रिकामा नोड कायमचा बसवून ठेवतात. त्यात मजकूर नसतो, तो कधी काढला जात नाही, आणि त्यामुळे खऱ्या नोडांपैकी प्रत्येकाच्या आधी कोणीतरी असतेच. “तुमच्या मोडी पत्राच्या माथ्यावरची श्री ती हीच,” ती म्हणाली. “तिच्यात बातमी काही नाही, पण पहिली ओळसुद्धा तिच्याखालीच येते.” चाळीस वर्षे मी कागदांच्या माथ्यावर श्री लिहीत आलो, तिचा हा उपयोग मला कोणी सांगितला नव्हता.

बन्नूरला पोचलो तेव्हा श्रावणातली एक सर नुकतीच येऊन गेली होती. कावेरीच्या पाण्यावर पोसलेला हा मुलूख. भाताची लावणी झालेली खाचरे रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुडुंब भरलेली होती. १७९१-९२ च्या श्रीरंगपट्टणाच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा याच कावेरीच्या टापूत उतरल्या होत्या, आणि त्या मोहिमेतील पत्रे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दफ्तरातून काढून छापली म्हणून आज आपल्याला वाचता येतात. हे मी तिला सांगत होतो, परंतु तिचे लक्ष चहाच्या दुकानदाराकडे होते, आणि मलाही माझा मूळ मुद्दा सोडून भलतीकडे जाण्याची इच्छा नव्हती.

“ही कल्पना कोणी काढली ते ठाऊक आहे ना तुला?” मी विचारले. “ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन. साल १९५५-५६. तर्कशास्त्रातली प्रमेये सिद्ध करणारी आज्ञावली त्यांना लिहायची होती, आणि सिद्धता शोधताना किती पायऱ्या लागतील, कोणती पायरी कोणत्या दोन पायऱ्यांत घुसेल, हे आगाऊ कोणालाच सांगता येत नाही. मग मेमरीत जागा तरी किती राखून ठेवायची? म्हणून त्यांनी प्रत्येक पायरीला पुढचीचा पत्ता दिला, आणि मोकळ्या जागांचीही एक निराळी साखळी केली, की लागेल तेव्हा तिच्यातला एक दुवा सोडवून घ्यावा. यंत्रावर आज्ञावली चढण्यापूर्वी, १९५६ च्या जानेवारीत, सायमन यांनी आपली पत्नी, तिन्ही मुले आणि काही विद्यार्थी यांना एकत्र जमवले, प्रत्येकाच्या हाती एकेक कार्ड दिले, आणि त्या माणसांकरवीच ती आज्ञावली चालवून पाहिली. पुढे तिने रसेल आणि व्हाइटहेड यांच्या ग्रंथातल्या दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ सिद्ध केली. घरातली मुले कार्डे घेऊन उभी आहेत आणि विचार एका हातातून दुसऱ्या हातात जातो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आले की मला त्या विद्येविषयी ममत्व वाटते. आणि तू म्हणतेस ती मोडीत निघाली.”

“मोडीत नाही म्हणत मी,” ती म्हणाली. “मी म्हणते, तिचे गुण सांगताना लोक निम्माच हिशेब मांडतात. पुस्तकात लिहिलेले असते की लिस्टमध्ये नोड घालायला दोनच दुवे बदलावे लागतात, लिस्ट दहाची असो की दहा लाखांची. हे खरे आहे. पण ते कोणासाठी खरे आहे? जो आधीच त्या जागी उभा आहे त्याच्यासाठी. तुमच्या बाडात पान घालायचे, तर आधी ते नेमके कोणत्या पानानंतर घालायचे ते शोधायला पहिल्या पानापासून ‘पुढे पाहा, पुढे पाहा’ करीत चालत जावे लागते. मधल्या पानावर उडी मारता येत नाही. हे चालणे खर्चात कोणी धरीतच नाही.”

“पण चालणे ॲरेतही आहे.”

“आहे, पण तेथले चालणे निराळे. आजच्या यंत्रात प्रोसेसर मेमरीकडे एकेक आकडा मागत नाही. एका खेपेला ६४ बाइटांचा एक पट्टा उचलून स्वतःजवळच्या छोट्या कोठारात ठेवतो. चार बाइटांचे आकडे ओळीने लावलेले असतील तर एका खेपेत सोळा आकडे हाताशी येतात, आणि पुढचा पट्टा कोणता लागणार हे यंत्र आधीच ओळखून मागवून ठेवते. लिस्टचे नोड मात्र मेमरीभर विखुरलेले. एकाच्या पोटातला पत्ता वाचल्याशिवाय दुसऱ्याचे ठिकाण कळत नाही, आणि प्रत्येक वेळी मुख्य मेमरीपर्यंत हेलपाटा. जवळच्या कोठारातून आणण्यापेक्षा हा हेलपाटा पन्नास ते शंभर पट महाग पडतो. शिवाय पसारा पाहा : चार बाइटांचा आकडा, त्याच्याबरोबर आठ बाइटांचा पत्ता, मध्ये सोडलेली मोकळी जागा, वर मेमरी देणाऱ्या व्यवस्थेची स्वतःची नोंद, लिनक्सवर चार बाइटांच्या मालासाठी बहुधा बत्तीस बाइट खर्ची पडतात. सी प्लस प्लस भाषेचे कर्ते ब्यार्न स्ट्राउस्ट्रप यांनी २०१२ मध्ये एका व्याख्यानात हेच दाखवले होते : आकडे चढत्या क्रमाने राहतील असे एकेक घालत जा, आणि ॲरे की लिस्ट ते पाहा. विद्यार्थी म्हणतात लिस्ट, कारण तिच्यात सरकवासरकव नाही. आणि जिंकतो ॲरे.”

तिच्या बोलण्यातला तपशील बिनतोड होता, हे मी कबूल करतो. माझ्या मनाला तो पटत नव्हता असेही नाही. फक्त जी गोष्ट मला त्या रचनेत मोलाची वाटत होती तिला तो स्पर्शच करीत नव्हता, आणि ती गोष्ट नेमकी कोणती हे शब्दांत सांगणे मला साधत नव्हते. ते काम एका मेंढपाळाने केले.

बन्नूरच्या नावाने मेंढीची जात प्रसिद्ध आहे. तिला मंड्या मेंढी किंवा बंडूरही म्हणतात. आखूड पायांची, बुटकी, अंगाने गच्च भरलेली, मागून पाहिली तर दोन्ही मांड्यांच्या मध्ये उलट्या कमानीचा आकार दिसणारी अशी ही मेंढी मांसासाठी नावाजलेली आहे. चहाच्या दुकानासमोर लिंबाखाली एक मध्यम वयाचा इसम अशा सहा मेंढ्या घेऊन टेम्पोची वाट पाहत उभा होता. मेंढ्या एका लांब दावणीला बांधलेल्या नव्हत्या; प्रत्येकीच्या गळ्यातून काथ्याचा हातभर तुकडा निघून मागच्या मेंढीच्या गळपट्ट्यात अडकवलेला होता, आणि पुढचीचा दोर त्याच्या मुठीत. इतक्यात एक पोरगा एक कोकरू उचलून घेऊन आला. कोकराने ओरडून रस्ता डोक्यावर घेतला, आणि ओळीतली तिसरी मेंढी, जी अर्थातच त्याची आई असणार, मान वळवून हिसके देऊ लागली. त्या माणसाने कोकरू तिच्यामागे नेले. कोकराच्या गळ्यातला तुकडा त्याने प्रथम चौथ्या मेंढीच्या गळपट्ट्यात घालून पक्की गाठ मारली. ती ओढून पाहिली. मग, आणि तेव्हाच, आईच्या गळ्यातून निघून चौथीला जोडलेला तुकडा सोडवला, आणि तो कोकराच्या गळ्यात बांधला. मधल्या काही क्षणांत चौथ्या मेंढीच्या गळ्यात दोन दोर होते. पण एकही क्षण असा गेला नाही की ती सुटी होती. पहिल्या दोन मेंढ्यांना आणि शेवटच्या दोन मेंढ्यांना काही घडल्याचा पत्तादेखील लागला नाही.

भाचीने चहाचा पेला खाली ठेवला. “मामा, तुमच्या वहीतल्या दोन ओळी,” ती म्हणाली. आणि उठून त्या माणसाला तिने कानडीतून विचारले, की आधी मागची गाठ का मारली, पुढचीच आधी सोडून का नाही बांधली? त्याने तिच्याकडे असे पाहिले, की शहरातल्या शिकलेल्या बाईला हे सांगावे लागावे याचे त्याला नवल वाटले असावे. मागच्या तीन कालव्याकडे गेल्या असत्या, एवढेच तो म्हणाला.

मग मी तिला ती गोष्ट सांगितली, जी मी घरात फारशी कोणाला सांगितलेली नाही. १९७८ च्या पावसाळ्यात, नोकरीला लागून दोन वर्षे झालेली असताना, एका तालुक्याच्या कचेरीत मजकडे नकलांची बाडे होती. एका खात्यात वारसाची एक नोंद उतरवायची राहून गेली होती. पुरवणी पान लिहून ते मध्ये घालावे असा हुकूम झाला. ४१ व्या पानाच्या तळाशी ‘पुढे पान २१२’ असे होते. मी पाते घेऊन तो २१२ खरडून काढला आणि त्या जागी पुरवणी पानाचा क्रमांक स्वच्छ अक्षरात लिहिला. आता पुरवणी पानाच्या तळाशी २१२ लिहायचे, तोच वरिष्ठांनी हाक मारली. परत आलो तो दुसरेच काम घेऊन. पुरवणी पानाखालची जागा कोरी राहिली, आणि तो आकडा जगात ज्या एका ठिकाणी लिहिलेला होता तेथून मी तो आपल्या हाताने नाहीसा केलेला होता. २१२ आणि त्याच्यामागची तीन पाने त्याच दफ्तरात, त्याच फडताळात, सुस्थितीत पडून होती. परंतु त्यांच्याकडे जाणारी वाट राहिली नव्हती. त्या पानांवर एका विधवा बाईच्या तीन तुकड्यांची नोंद होती. ती दर महिन्याला बारा कोस चालून येई, आणि आम्ही तिला पुढल्या महिन्यात या म्हणून सांगत असू. चौदा महिन्यांनी दुसरेच काही शोधताना ती पाने एका सहकाऱ्याच्या हाती लागली. उतारा दिला तेव्हा ती काही बोलली नाही. तिने पाने मोजली, घडी केली आणि पदरात बांधली. चूक कोणाची हे मी कचेरीत सांगितले. तिला सांगण्याचे धैर्य झाले नाही.

भाची बराच वेळ गप्प होती. “आम्ही याला मेमरी लीक म्हणतो,” ती हळूच म्हणाली. “वस्तू असते, पण तिचा पत्ता कोणापाशीच नसतो.”

“तेव्हा तुझा ॲरे झपाट्याने चालतो हे मला मान्य,” मी म्हणालो. “पण नव्याला मध्ये घेताना आधी त्याच्या हातात पुढच्याचा हात द्यावा, आणि मगच मागच्याने आपला हात सोडावा, हा धडा ॲरेतून मिळत नाही. म्हणून प्रत्येक शिकणाऱ्याने हाताने लिस्टमध्ये नोड घातला पाहिजे, मग पुढे जन्मभर तो ती वापरो न वापरो.”

येथे मला वाटले की वाद संपला. पण तिचा खरा आक्षेप आता बाहेर आला, आणि तोच मला सर्वांत विचार करायला लावणारा ठरला.

“तुमचा क्रम बरोबर होता असे धरू,” ती म्हणाली. “समजा तुमच्या कचेरीत दोन कारकून आहेत, दोघांकडे त्याच ४१ व्या पानानंतर घालायची निरनिराळी पुरवणी पाने आहेत, आणि दोघेही शहाणे आहेत. पहिला ४१ वर पाहतो : २१२. दुसराही पाहतो : २१२. दोघेही आपापल्या पानाखाली २१२ लिहितात. क्रम दोघांचाही निर्दोष. मग पहिला ४१ वर आपल्या पानाचा आकडा लिहितो. पाठोपाठ दुसरा येतो, आणि काही न पाहता तो आकडा खोडून आपला लिहितो. पहिल्याचे पान गेले, मामा. त्याच्या पोटात पुढचा पत्ता बरोबर आहे, पण त्याच्याकडे कोणी येतच नाही. आजच्या यंत्रात एकाच वेळी आठ-आठ, सोळा-सोळा कारकून काम करीत असतात.”

“मग उपाय?”

“एक तर कुलूप. ज्याच्या हाती किल्ली, त्यानेच बाडाला हात लावायचा; बाकीचे रांगेत. नाही तर लिहिण्याच्या क्षणी पुन्हा रुजुवात करायची : मी पाहिला तेव्हा येथे २१२ होता, अजूनही २१२च असेल तरच माझा आकडा लिही, नाही तर काही करू नकोस, मला कळव. पाहणे आणि लिहिणे ही दोन कामे यंत्र एका झटक्यात करते, मध्ये कोणाला शिरू देत नाही. टिमथी हॅरिस यांनी २००१ मध्ये याच आधारावर कुलपावाचून चालणारी लिस्ट मांडली. घालणे त्यात सोपे आहे. काढणे महाकठीण, ते आज नको. आणि लिनक्सच्या गाभ्यात काही ठिकाणी अशी तजवीज आहे की लिहिणारा नोड घालीत असताना वाचणारे न थांबता लिस्टवरून चालत राहतात. तेथे नवा नोड आधी पुरता भरतात, त्याच्या पोटात पुढचा पत्ता लिहितात, आणि अगदी शेवटी एकाच लेखणीच्या ओढीत त्याला ओळीत आणतात. वाचणाऱ्याला जुनी ओळ दिसेल किंवा नवी दिसेल; तुटलेली कधीच दिसत नाही.”

“म्हणजे तुमच्या गाभ्यात लिस्ट आहे तर!”

“आहे. दोन्ही बाजूंनी पत्ते असलेली, शेवट पुन्हा आरंभाला जोडलेली, आणि आरंभी तुमची श्री असलेली,” ती हसून म्हणाली. “जेथे जागा शोधावी लागत नाही, आधीच हाती असते, तेथे आम्हीही लिस्टच वापरतो. पण तुमच्यासारखा मी तिच्यावर जीव लावणार नाही. शंभरातल्या नव्वद कामांना ॲरे पुरतो, आणि ज्याला आरंभीच लिस्टची भुरळ पडते तो पुढे तिला नको तेथे घालतो. मी नव्या मुलांचे काम तपासते. मला हे दर आठवड्याला दिसते.”

या नव्वदाच्या हिशेबावर आमचे एकमत झाले नाही, आणि अजूनही नाही. माझे म्हणणे असे, की मेंढपाळाला जे सहा मेंढ्यांत कळले ते पदवीधराला चाळीस भाषांत कळत नसेल, तर त्याला आधी भुरळ पडू द्यावी आणि मग हिशेब शिकवावा. तिचे म्हणणे असे, की भुरळीची किंमत दुसऱ्यांना द्यावी लागते. त्या बाईची आठवण तिने काढली नाही, परंतु दोघांच्याही मनात तीच होती.

टेम्पो आला. मेंढपाळाने ओळ तशीच्या तशी फळीवरून वर चढवली. कोकरू आईच्या मागे, आपल्या मागच्या मेंढीला ओढत.

रात्री तिच्या घरी आम्ही दोन्ही चालवून पाहिले. चढत्या क्रमाने घालायचे एक लाख आकडे, एकदा तिच्या ॲरेत आणि एकदा माझ्या लिस्टमध्ये. ॲरे जिंकला, आणि थोडक्यात जिंकला नाही. मी आकडे वहीत उतरवून घेतले व खाली तारीख घातली. मग तिने माझी आज्ञावली वाचायला घेतली. नोड घालण्याच्या ठिकाणी ती थांबली, दोन ओळींवरून बोट फिरवले, क्रम बरोबर आहे म्हणाली. एका जागी मेमरी मिळालीच नाही तर काय, हे मी पाहिले नव्हते. ते तिने दुरुस्त केले. दोन-तीन नावे फार लांब होती, ती आखूड केली. वाटेतल्या गप्पांनंतर, जेवणाआधी, मी आरंभी एक रिकामा नोड घातला होता आणि रोमन अक्षरांत त्याचे नाव ‘श्री’ असे ठेवले होते. ते तिने वाचले आणि तसेच राहू दिले.